बैलगाडीच्या चाकांचं विमान

आमच्या विमानाची मागची चाकं बैलगाडीची होती, नाकाला सायकलचं चाक होतं आणि मधलं सगळं अंग मांडववाल्याकडून आणलेल्या बांबूंचं होतं. पंख नव्हते. पंखांचे बांबू बांधल्यावर विमान कॉलेजच्या फाटकातून आत येईना, म्हणून बंडा खोतने ते सोडून बाहेर कुंपणाला टेकवून ठेवले. "पंख काय करायचेत मॅडम, आपल्याला कुठं उडायचंय?" तो म्हणाला. खरंच होतं ते. आम्हाला त्या दिवशी उडायचं नव्हतं, फक्त वळायचं होतं.

मैदानावर फक्कीने, म्हणजे खो-खोचं मैदान आखतात त्या पांढऱ्या भुकटीने, मुलांनी एक रस्ता आखला होता. धावपट्टीवर उतरलेलं विमान ज्या रस्त्याने आपल्या उभं राहायच्या जागेकडे जातं, तो टॅक्सीवे. त्याचा नुसता एक वळणाचा तुकडा, पण खऱ्या मापाचा. लिंबाच्या सावलीत खुर्चीवर पुण्याहून आलेले परीक्षक सहस्रबुद्धे सर बसले होते. त्यांच्या शेजारी आमचे विभागप्रमुख हेरवाडकर सर, सारखे घड्याळ बघत. आणि मी पदर खोचून उभी, घशाशी आलेलं एक वाक्य कसंबसं आवरून धरलेलं.

ते वाक्य काय होतं ते सांगते, पण त्याआधी मी कोण आणि हा बांबूंचा संसार कसा उभा राहिला ते सांगायला हवं.

मी सुनंदा आवटी. तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एका आडबाजूच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलच्या मुलांना शिकवत होते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढ्यापुरत्या तुम्ही कॉलेजच्या. उन्हाळ्यात तुम्ही कुणाच्याच नाही, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही ते एक देव जाणे आणि दुसरे संस्थाचालक. सासूबाई म्हणायच्या, एवढी एसटीची धूळ खात जातेस, घरात काही कमी आहे का? कमी काही नव्हतं, नवरा बँकेत होता. पण हातात खडू आला की मला जे बरं वाटायचं ते दुसऱ्या कशाने वाटत नव्हतं, हे त्यांना कसं सांगणार? मला शिकवायचं होतं, आणि जन्मभर शिकवायचं होतं. कायमची नेमणूक मिळावी म्हणून मी किती देवांना नारळ बोलले होते ते आता आठवतही नाही.

अडचण एकच. मला बोलायची भारी हौस. आई म्हणायची, सुनीच्या तोंडात तीळ भिजत नाही. कुणी कोडं घातलं की उत्तर मला आलं नाही तर त्रास, आणि आलं तर त्याहून त्रास, कारण ते सांगून टाकेपर्यंत मला चैन पडायचं नाही. शिक्षकाला हा गुण फार उपयोगी आहे असं मी कित्येक वर्षं समजत होते.

विमानतळ रचना हा विषय कुणी घेईना म्हणून माझ्या गळ्यात पडला. गंमत अशी की मी तोवर विमानात पाऊल ठेवलं नव्हतं. वर्गातल्याही कुणी ठेवलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी तो पुस्तकातून शिकवला, फळे भरभरून लिहिले, पोरांनी वह्या भरभरून घेतल्या. तोंडी परीक्षेत एकाने धावपट्टीचे सगळे उतार न चुकता म्हणून दाखवले. मी खूश. मग सहज विचारलं, विमान उडताना वाऱ्याला पाठ करून उडतं की वाऱ्याला सामोरं जाऊन? तो म्हणाला, "मॅडम, तो धडा मी ऑप्शनला टाकला होता."

मला रडावं की हसावं कळेना. वर्षभर घसा कोरडा करून मी काय शिकवलं, तर उतार.

त्याच सुट्टीत एका कार्यशाळेला जाणं झालं. तिथे सांगितलं की मुलांना उत्तरं देऊ नका, एक खरीखुरी अडचण द्या. तिच्याशी झटापट करता करता जे लागेल ते तेच शोधतील, तुम्ही फक्त प्रश्न विचारा. परिपत्रकात याला समस्याधारित अध्यापन म्हणत. आमची पोरं पुढे त्याला 'मॅडमचं गप्प बसणं' म्हणायला लागली.

तर पुढच्या सत्रात पहिल्या तासाला मी फळ्यावर एकच ओळ लिहिली: आपल्या तालुक्याच्या माळावर विमान उतरवायचं आहे, काय काय लागेल? आणि खाली बसले. वर्ग माझ्याकडे बघतोय, मी वर्गाकडे. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणालं, आधी जागा लागेल. दुसरा म्हणाला, लांब लागेल. मी विचारलं, लांब, पण कुठल्या दिशेला? आणि कुणी तोंड उघडायच्या आत मीच सांगून मोकळी झाले, की ते वाऱ्यावर असतं बाळांनो, आता वारा असा आला तर...

आठवडाभर हेच चाललं. शेवटी नसीमा शिकलगार उभी राहिली. वर्गातल्या मोजक्या मुलींपैकी एक, आणि तोंडाने फटकळ. म्हणाली, "मॅडम, प्रश्न तुम्हीच विचारता, उत्तर तुम्हीच देता. मग आम्ही कशाला येतो?" वर्ग हसला. मीही हसले, पण ते मला लागलं, कारण खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी जिमखान्यातून पंचाची एक शिट्टी मागून आणली आणि टेबलावर ठेवली. नियम ठरला. शिट्टी दर आठवड्याला एकेकाकडे राहील. मॅडम उत्तर सांगायला लागल्या की ती वाजवायची. शिट्टी वाजली की मुलं स्वतः बोलेपर्यंत मॅडमनी तोंड उघडायचं नाही.

पहिल्या दिवशी ती इतकी वाजली की शेजारच्या वर्गातून निरोप आला, इथे कबड्डी चालू आहे का म्हणून.

हळूहळू मला सवय झाली. मी गप्प बसले की पोरं बोलायची, आणि काय काय बोलायची! कॉलेजच्या पाण्याच्या टाकीवर त्यांनी काठीला लाल फडकं बांधलं आणि रोज वारा कुठून येतो ते बघायला लागली. फडकं पूर्वेला उडतंय म्हणजे वारा पूर्वेचा, असं बंडाने छातीठोकपणे सांगितलं, त्यावर, फडकं पूर्वेला उडतंय म्हणजे वारा पश्चिमेचा, म्हणून नसीमाने त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. बंडा हा शेतकऱ्याचा मुलगा, घरची बैलगाडी, घरचा ट्रॅक्टर, अंगाने दांडगा आणि अभ्यासात बेताचा. पुढे महिनाभर त्याला सगळे 'पूर्वेचा वारा' म्हणत होते. पण विमान वाऱ्याला सामोरं जातं हे त्या वर्गातलं एकही पोर विसरलं नाही.

एक जण मात्र हात बांधून बसायचा. शीतल मगदूम. आमच्या भागात शीतल हे मुलाचंही नाव असतं, बाहेरचे लोक फसतात. हा वर्गातला पहिला. शांत, नीटनेटका, पेनाला टोपण लावल्याशिवाय पेन खाली न ठेवणारा. त्याला पुढच्या मोठ्या परीक्षा द्यायच्या होत्या, त्यासाठी सूत्रं हवी होती, सोडवलेली उदाहरणं हवी होती, आणि मी त्याला काय देत होते, तर टाकीवरचं फडकं. शिट्टी त्याच्याकडे आली की तो ती खिशात ठेवायचा आणि वाजवायचा नाही. त्याचं म्हणणं उघड होतं, की बाई सांगतायत तर सांगू दे.

सत्र अर्ध्यावर आलं तेव्हा हेरवाडकर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण निकालाची टक्केवारी हे त्यांचं दैवत. म्हणाले, "आवटी मॅडम, मगदूम येऊन गेला. तो म्हणतो, तुम्ही शिकवत नाही."

"शिकवते सर. फक्त सांगत नाही."

"त्याला शंका आहे की तुम्हालाच येत नाही, म्हणून सांगत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सर शांतपणे पुढे बोलत राहिले. मे महिन्यात संस्थेची बैठक होती, त्यात एक कायम जागा भरायची होती, माझं नाव ते पुढे करणार होते. आता मात्र ते परीक्षकांचं मत बघून ठरवणार होते. पोरं चमकली तर जागा माझी. पोरं फसली तर पुढच्या वर्षी हा विषयच बंद. विषय बंद म्हणजे तास बंद, आणि तास बंद म्हणजे मी घरी. "आणि कागदावरची चित्रं नकोत," ते म्हणाले, "ती कुणीही काढतं. परीक्षकांना डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी दाखवा."

मी शीतलला काही बोलले नाही. बोलायचं फार होतं, पण नाही बोलले. वर्गात एवढंच सांगितलं की परीक्षकांना डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी दाखवायचंय. माझ्या नोकरीचं मी सांगितलं नव्हतं, पण कॉलेजात भिंतींना कान असतात आणि शिपायांना तोंड. दोन दिवसांत सगळ्या वर्गाला कळलं होतं.

धावपट्टी मैदानात मावणार नव्हती. टॅक्सीवेचं एक वळण मात्र मावत होतं, तेव्हा तेच खऱ्या मापात आखायचं आणि त्यावरून खऱ्या मापाचं विमान फिरवून दाखवायचं, ही कल्पना नसीमाची. वळणाची रचना चिठ्ठ्या टाकल्यावर शीतलकडे आली. आणि गंमत म्हणजे काम हातात आल्यावर तो बांधलेले हात सोडून त्याला भिडला. त्याने असं वळण काढलं की बघत राहावं. जागा कमी, डांबर कमी, रेघ न रेघ स्वच्छ. परीक्षेच्या आठवडाभर आधी त्याने तो आराखडा माझ्यासमोर पसरला, आणि मला चूक लगेच दिसली.

मी विचारलं, "विमान वळणावरून कसं जाईल?"

"मधल्या रेघेवरून, मॅडम."

"सगळं विमान?"

"हो, सगळं."

तर ते वाक्य हे होतं: अरे बाबा, रेघेवरून जातं ते विमानाचं नाक, मागची चाकं नाकाच्या मागून येत नाहीत, ती आतल्या बाजूने येतात, म्हणून वळणाच्या आत रस्ता रुंद ठेवावा लागतो. एवढंच. मी ओठ घट्ट मिटून घेतले. मनात म्हटलं, बांबूचं विमान तयार झालं की पोरं एकदा फिरवून बघतील, चाक बाहेर गेलं की डोळे उघडतील, आणि परीक्षेच्या आत सगळं दुरुस्त होईल. अशीच तर ती पद्धत होती.

पण चाकं यायची होती बंडाच्या गाडीची, आणि बंडाची गाडी अडकली होती साखर कारखान्यावर. हंगामाचे शेवटचे दिवस, गाड्यांची रांग हलता हलेना. आज येते, उद्या येते करत ती आली ती परीक्षेच्या दिवशी सकाळी. चाकं काढून बांबूंना बांधेपर्यंत परीक्षकांचा चहा झाला होता. तालीम झालीच नाही.

बैलगाडीची चाकं विमानाच्या चाकांइतकी एकमेकांपासून लांब नसतात. म्हणून पोरांनी दोन्ही बाजूंना बांबू बाहेर काढून, जिथे खऱ्या विमानाची चाकं आली असती तिथे एकेक कापडी पिशवी टांगली होती. पिशव्यांत कॉलेजच्या निवडणुकीतला उरलेला गुलाल, आणि खाली भोक. विमान चालेल तशी चाकांची वाट लाल रेघेने उमटत जाणार. रस्त्याच्या कडा पांढऱ्या, चाकांची वाट लाल. कल्पना मोठी सुरेख होती, आणि तिच्यामुळेच आमची चूक कोसावरून दिसणार होती.

बंडाने सायकलचं हँडल धरलं. बाकीचे बांबूंना लागले. नसीमा फक्कीची बादली घेऊन वळणाच्या आतल्या बाजूला उभी होती. मला तेव्हा काय वाटत होतं ते सांगते, अगदी खरं सांगते. मला पद्धत-बिद्धत काही आठवत नव्हती. मला जून दिसत होता. जूनमध्ये मी घरी बसलेय, सासूबाई तांदूळ निवडायला देतायत, आणि इथे माझ्या वर्गात कुणीतरी दुसरंच उभं आहे. नसीमाच्या हातात बादली होती. आतली कड जराशी गवतात सरकव, रस्ता रुंद कर, एवढं तिच्या कानात सांगितलं की झालं. फक्कीचे चार फटकारे, कुणाला पत्ता लागला नसता.

मी सहज फिरत गेल्यासारखी तिच्याजवळ गेले. "नसीमा," मी हळूच म्हटलं, "ती आतली कड..."

शिट्टी वाजली.

सगळ्या मैदानाने वळून बघितलं. विमानाच्या शेपटीजवळ शीतल उभा होता, शिट्टी तोंडात, कान लाल. तो आठवडा त्याचा होता. सगळ्या सत्रात त्याने ती एकदाही वाजवली नव्हती.

हेरवाडकर सरांनी विचारलं, हे काय चाललंय?  मला त्या पोराचा असा संताप आला की विचारू नका. आधी तक्रार करून माझ्या मुळावर उठला, आणि आता मी त्याचंच चित्र वाचवायला निघाले तर तेही करू देईना. पण नियम माझा होता. मी तोंड मिटलं, पदर पुन्हा खोचला आणि बाजूला जाऊन उभी राहिले.

बंडाने विमान ओढायला सुरुवात केली. सरळ रस्त्यावर सगळं झकास. मधल्या रेघेवरून सायकलचं चाक, दोन्ही बाजूंना लाल रेघा पांढऱ्या कडांपासून ऐसपैस आत. सहस्रबुद्धे सर चष्मा पुसून बघायला लागले. मग वळण आलं. बंडा रेघ सोडेना, पठ्ठ्याने नाक एक बोटभर हलू दिलं नाही. पण मागे आतली लाल रेघ हळूहळू पांढऱ्या कडेकडे सरकायला लागली, तिला टेकली, आणि तिला ओलांडून हराळीत गेली. हिरव्या गवतावर गुलालाचा पट्टा असा उठून दिसत होता की आंधळ्यालाही दिसावा.

बंडा थांबला. सगळे थांबले. हेरवाडकर सर आपल्या बुटांकडे बघायला लागले.

"तुमचं विमान चिखलात रुतलं," सहस्रबुद्धे सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "का झालं हे, मॅडम?"

उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी शीतलकडे बघितलं. त्याने शिट्टी अजून तोंडातून काढली नव्हती.

"सर," मी म्हटलं, "शिट्टी वाजलीय. मुलं बोलेपर्यंत मला बोलता येत नाही."

त्यांना काही कळलं नाही, पण ते मुलांकडे वळले.  आता मात्र माझ्या मनातला जून गेला, सासूबाई गेल्या. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी नुसती उभी राहिले.

बंडा हँडल सोडून मागे आला. डोकं खाजवत त्या लाल पट्ट्याकडे बघत राहिला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "हे आमच्या ट्रॉलीवानी झालं."

"कसली ट्रॉली?" नसीमाने विचारलं.

"उसाची. दोन ट्रॉल्या लावून गल्लीत वळलं की ट्रॅक्टर बराबर जातोय, पण मागची ट्रॉली भिंत घासून जाती. म्हणून तर आमच्या घराच्या कोपऱ्याला दगड पुरलाय."

शीतल पुढे आला. शिट्टी खिशात टाकली. "मग हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू ट्रॉली काढतो म्हणाला नव्हतास," बंडा म्हणाला. "विमान काढतो म्हणाला होतास."

शीतल मग गवतात गुडघ्यावर बसला आणि त्या लाल पट्ट्यावर बोट ठेवून मागे मागे सरकत गेला, कुठे तो कडेकडे वळायला लागतो ते शोधत. त्याची पांढरीशुभ्र पँट गुलालाने माखली, त्याला भान नव्हतं. मग त्याने नसीमाच्या हातातून बादली घेतली आणि लाल पट्ट्याच्या पलीकडून, थोडं अंतर सोडून, नवी पांढरी कड टाकायला सुरुवात केली. सहस्रबुद्धे सर खुर्चीवरून उठून त्याच्यामागे जाऊन उभे राहिले.

"एवढं अंतर कशाला सोडलंस?"

"चाक जरासं घसरलं तरी कडेवर येऊ नये म्हणून, सर."

"आणि वळणच मोठं केलं असतं तर?"

 उत्तर नसीमाने दिलं. मग आत एवढं रुंद करावं लागलं नसतं, पण जागा जास्त खाल्ली असती. दोन्ही करून बघायला लागेल, कुठल्यात डांबर कमी जातंय ते. बंडा म्हणाला, विमान केवढं येणार त्यावर पण आहे, एक ट्रॉली आणि दोन ट्रॉल्या यांत फरक पडतोच की. आणि मग ती तिघं तिथेच गवतात बसून भांडायला लागली. बाकीचे बांबू खाली ठेवून त्यांच्याभोवती जमले. परीक्षक आहेत, विभागप्रमुख आहेत, परीक्षा चालू आहे, कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. मला तर सगळेच विसरले होते. शिकवायला लागल्यापासून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं, आणि मी डोळ्यांत गुलाल गेल्याचं निमित्त केलं.

दुसऱ्या फेरीत लाल रेघ नव्या कडेच्या आत राहिली. सहस्रबुद्धे सरांनी हेरवाडकर सरांच्या हातात आपला कोट दिला आणि बंडाला म्हणाले, सरक जरा. तिसऱ्या फेरीत आमच्या विमानाचं नाक पुण्याच्या परीक्षकांच्या हातात होतं.

त्यांनी काय शेरा दिला तो मी वाचला नाही. जाताना ते मला म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होतं ना?" मी मान हलवली. ते म्हणाले, "कठीण गेलं असेल." मी पुन्हा मान हलवली. हेरवाडकर सर मात्र फाटकापर्यंत गेले आणि परत आले. "पुढच्या वर्षी," ते म्हणाले, "पंखांसकट आणा."

संध्याकाळी बांबूंच्या दोऱ्या सोडताना शीतल आणि मी एका बाजूला होतो. मला राहवलं नाही. विचारलं, "का रे वाजवलीस?"

तो गाठ सोडवता सोडवता म्हणाला, "मॅडम, मला वाटत होतं, तुम्हाला येत नाही. तुम्ही नसीमाकडे निघालात तेव्हा तुमचा चेहरा बघितला. म्हटलं, यांना माहीत आहे. माझं कुठंतरी चुकलंय, ते यांना आधीपासून माहीत आहे, आणि एवढे दिवस या मुद्दाम गप्प बसल्यात."

"मग सांगू द्यायचं होतंस. तुझंच वळण होतं ते."

"सांगितलं असतं तर तुमचं एवढे दिवसांचं गप्प बसणं वाया गेलं असतं."

"आणि माझी नोकरी? ते माहीत होतं ना तुला?"

"माहीत होतं, मॅडम." त्याने गाठ सोडली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सांगून आम्ही पास झालो असतो, तर पुढच्या वर्षीपासून तुम्ही सांगतच राहिला असता."

मी त्याच्या दुप्पट वयाची नसले तरी बाई होते त्याची. तरी सांगते, त्या वाक्याने मला शिक्षक केलं. नेमणूक जूनमध्ये संस्थेने दिली, ती वेगळी. या पोराने मला माझ्याच हातून वाचवलं. त्याचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, आणि मी न बोललेली अशी गोष्ट फार विरळा.

शिट्टी त्याच्याकडेच राहिली. जिमखान्याला मी दुसरी घेऊन दिली, आणि वर्गासाठी तिसरी. पुढे वर्षानुवर्षं ती वाजत राहिली. शीतल खरोखरच विमानतळांच्या कामाला लागला. बंडाने रस्त्यांची कंत्राटं घेतली. नसीमा लातूरकडे प्राध्यापक झाली. तिच्या वर्गात म्हणे घंटा असते. मी पहिल्यांदा विमानात बसले ते मुलीकडे बंगळूरला जाताना. उतरल्यावर विमान वळायला लागलं तशी मी खिडकीला नाक लावलं. वळणाच्या आतल्या बाजूला डांबर रुंद केलेलं होतं. शेजारच्या बाईंना सांगावं म्हणून तोंड उघडलं, आणि मिटलं. त्या आपल्या बघत होत्या, बघू दे म्हटलं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. कॉलेजने निरोप समारंभ केला. सभागृह भरलं होतं, किती तरी वर्षांची मुलं आली होती, काहींचे केस माझ्यापेक्षा पांढरे. मी भाषण चांगलं पाठ केलं होतं. माइकसमोर उभी राहिले, सगळ्यांकडे एकदा बघितलं, आणि म्हटलं, "मुलांनो, एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट कळली, ती तुम्हाला सांगते..."

शेवटच्या रांगेतून शिट्टी वाजली.

 व्यासपीठावरचे संस्थाचालक इकडेतिकडे बघायला लागले. मागे शीतल मगदूम उभा होता, टक्कल पडलेला, पोट सुटलेलं, आणि कान तसेच लाल.

मी माइक सोडला आणि खुर्चीवर जाऊन बसले. मग मागून बंडाचा आवाज आला, "मॅडम, मी बोलू का?" आणि तो बोलला. त्यानंतर नसीमा बोलली. त्यानंतर मला नावं आठवत नाहीत अशी मुलं एकामागून एक बोलत राहिली, आणि मी पदर डोळ्यांना लावून ऐकत राहिले.